खुब्यातील खोल स्नायू, श्रोणीचा तोल आणि चाल: नागपुरातील एका शिक्षिकेचे प्रकरण

नागपुरातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या ५१ वर्षांच्या शिक्षिका जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यासाठी आमच्याकडे फिजिओथेरपीला आल्या. हातात कमरेच्या मणक्याचा एमआरआय होता. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधील चकती किंचित बाहेर आल्याची नोंद त्यात होती. खुर्चीवर टेकण्याआधीच त्यांनी विचारले, "मॅडम, माझी नस दबली आहे ना? ऑपरेशन तर नाही ना करावं लागणार?" मागच्या साडेतीन महिन्यांत कोणी त्यांना सायटिका सांगितली होती, कोणी मणक्यात गॅप आल्याचे म्हटले होते, तर कोणी पिरिफॉर्मिस हा खोल स्नायू आखडल्याचे निदान केले होते. या प्रकरणाची सविस्तर नोंद करावीशी वाटली, कारण दुखण्याचे मूळ या तिन्हींपैकी कशातही नव्हते. ते श्रोणीला, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याला, बाजूने तोलून धरणाऱ्या स्नायूंच्या कंडरांत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांत, होते, आणि त्या भागाला ताणून सैल करण्याचे जितके प्रयत्न झाले तितके दुखणे वाढत गेले होते. ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

दुखण्याचा इतिहास

फेब्रुवारीत रक्तातील साखर सीमारेषेवर आल्याचे कळल्यावर बाईंनी पहाटे चालायला सुरुवात केली. त्याआधी त्यांचे चालणे शाळेपुरते आणि गोकुळपेठेच्या बाजारापुरते होते. आता रवीनगरकडून फुटाळा तलावापर्यंत जाऊन परत येणे रोजचे झाले, आणि दोन-तीन आठवड्यांत मैत्रिणींच्या सोबतीने त्यात सेमिनरी हिल्सचा चढही आला. मार्चच्या मध्यास खुब्याच्या बाहेरच्या हाडापाशी कळ जाणवू लागली. ऊन चढायच्या आत फेरी पुरी व्हावी म्हणून त्या झपाझप चालत, आणि चालता चालता कळ कमी होई म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झाले. एप्रिलच्या अखेरीस उजव्या कुशीवर झोपणे अशक्य झाले. मे महिन्यात डाव्या कुशीवरही झोप लागेना. जिना चढताना, रिक्षात पाय टाकताना आणि बराच वेळ बसून उठताना पहिल्या चार-पाच पावलांना कळ मारत असे. दुखणे मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याच्या वरपर्यंत उतरे, मात्र गुडघ्याखाली कधी जात नसे. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा नव्हता. खोकल्याने किंवा शिंकेने कळ वाढत नव्हती.

या शेवटच्या तीन गोष्टींना मी फार महत्त्व देते. मणक्यातून निघणाऱ्या मज्जातंतूवर दाब आला असता तर दुखणे बहुधा पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत पोचले असते, त्यासोबत मुंग्या किंवा बधिरता आली असती, आणि खोकल्याशिंकेने चमक निघाली असती. राहिला एमआरआयचा प्रश्न. पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३३ अभ्यासांतील ३,११० व्यक्तींचा समावेश होता. चकती बाहेर आलेली दिसण्याचे प्रमाण विशीतल्या निरोगी लोकांत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के आढळले. म्हणजे ५१ वर्षांच्या बाईच्या अहवालात तसे काही लिहून आले तर त्यात नवल नाही, आणि केवळ त्यावरून खुब्याच्या दुखण्याचा दोष मणक्यावर टाकता येत नाही. हे त्यांना समजावून सांगायला तपासणीइतकाच वेळ लागला, आणि तो देणे आवश्यक होते, कारण नस दबल्याच्या धास्तीने त्यांनी वाकणे, मुलीची स्कूटी चालवणे आणि पाण्याची बादली उचलणे ही सगळी कामे सोडून दिली होती.

ताप, वजन घटणे, कर्करोगाचा पूर्वेतिहास, पडणे-मार लागणे आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणे यांची विचारपूस केली. त्यातले काही नव्हते. विदर्भात खुबा दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दलही विचारावे, असे माझे ठाम मत आहे. या आजाराचे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून हाड खचू शकते. ते दुखणे मात्र बहुधा जांघेत असते आणि खुबा आत वळवताना अडतो. या बाईंची सिकलसेल चाचणी पूर्वीच झालेली होती आणि ती सामान्य होती. पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली होती. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे हे दुखणे ४० ते ६० या वयात अधिक दिसते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण बरेच जास्त असते, म्हणून या माहितीचीही नोंद घेतली.

तपासणी

उताणे झोपवून सरळ पाय उचलल्यावर दोन्ही बाजूंना फक्त मांडीमागे ताण जाणवला. उजवा खुबा आत आणि बाहेर पूर्ण वळत होता, जांघेत दुखत नव्हते. चप्पलेचा पट्टा लावणे आणि पायाची नखे कापणे जमते का, असे विचारले असता, "ते जमतं हो, त्याचा काही त्रास नाही," असे उत्तर आले. हा साधा प्रश्न फार उपयोगाचा आहे. सांध्याची झीज झालेला रुग्ण नेमक्या याच कामांना अडतो, तर बाहेरच्या कंडरांचे दुखणे असलेला रुग्ण ती करू शकतो. अस्थिरोगतज्ज्ञांनी काढलेल्या एक्स-रेमध्येही सांध्यातील अंतर व्यवस्थित होते. चपलांच्या दुकानात कोणीतरी त्यांना एक पाय आखूड असल्याचे सांगितले होते. श्रोणीच्या पुढच्या उंचवट्यापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत दोन्ही पाय टेपने मोजले, तेव्हा लांबी सारखीच भरली.

खुब्याच्या बाहेर हाताला लागणाऱ्या मोठ्या उंचवट्यावर अंगठ्याने दाबताच बाईंनी माझे मनगट धरले. नेहमीचे दुखणे ते हेच, असे त्या म्हणाल्या. नितंबाच्या मध्यावर पिरिफॉर्मिसच्या जागीही दुखरेपणा होता, पण तिथले दुखणे त्यांना ओळखीचे वाटले नाही. कुशीवर झोपवून उजवा पाय वर धरायला सांगितल्यावर पाय वर जाई, पण हाताने हलका विरोध करताच खाली येई.

निर्णायक ठरली ती एका पायावर उभे राहण्याची चाचणी. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये जन्मतः निखळलेल्या खुब्याच्या रुग्णांच्या चालीचे निरीक्षण करून ही खूण वर्णिली: रुग्ण ज्या पायावर उभा असतो त्याच्या विरुद्ध बाजूची श्रोणी खाली झुकते. बाईंना तोल सांभाळण्यापुरते बोट भिंतीला टेकवू दिले आणि ३० सेकंद उजव्या पायावर उभे राहायला सांगितले. सुरुवातीला श्रोणी सरळ राहिली. दहा-बारा सेकंदांनी मागून पाहताना डाव्या बाजूची कंबर हळूहळू उतरू लागली, आणि ती सावरण्यासाठी त्यांनी खांदे उजवीकडे झुकवले. खांदे सरळ ठेवायला सांगताच उतार आणखी वाढला आणि नेहमीच्या जागी कळ उठली. डाव्या पायावर त्या पूर्ण ३० सेकंद विनासायास उभ्या राहिल्या. पाच-सहा सेकंदांत चाचणी थांबवली असती तर ती सामान्य ठरली असती, आणि खांद्यांकडे लक्ष दिले नसते तरीही ठरली असती.

मागून मोबाइलवर चालीचे चित्रण करून ते संथ गतीने पाहिले. उजवा पाय टेकलेला असताना धड किंचित उजवीकडे कलत होते आणि डावा पाय घाईने पुढे पडत होता. पावले अरुंद पडत होती. दोन्ही पाय जवळजवळ एकाच रेषेवर येत होते. निदान निश्चित झाले: ग्लुटिअस मीडियस आणि ग्लुटिअस मिनिमस या दोन स्नायूंच्या कंडरांचे, भार न पेलल्याने उद्भवलेले दुखणे.

एका पायावरचा हिशेब

नितंबाचा जो भाग आपल्याला दिसतो तो ग्लुटिअस मॅक्सिमस. त्याच्या वरच्या व बाहेरच्या अंगाला, श्रोणीच्या रुंद हाडाच्या बाह्य पृष्ठभागावरून पंख्यासारखा पसरत ग्लुटिअस मीडियस निघतो; त्याच्याखाली मिनिमस असतो. दोघेही मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर येऊन जोडले जातात. दोघांनाही वरच्या ग्लुटिअल मज्जातंतूचा पुरवठा असतो. हे स्नायू पाय बाजूला उचलतात असे पुस्तकांत लिहिलेले असते, पण दिवसभरात पाय बाजूला उचलण्याचे काम आपण कितीसे करतो? त्यांचे खरे काम पाय जमिनीवर टेकलेला असताना होते. चालण्याच्या एका आवर्तनात प्रत्येक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. एक पाय हवेत असताना शरीराचा सगळा भार दुसऱ्यावर असतो, आणि त्या वेळी उचललेल्या बाजूची श्रोणी खाली कोसळू न देण्याची जबाबदारी याच दोन स्नायूंची असते. निरोगी चालीतही ती थोडी, साधारण चार-पाच अंश, उतरते. त्याहून जास्त उतरली की चाल डोलू लागते.

यासाठी लागणारे बळ किती, हा हिशेब बाईंसाठी कागदावर मांडला, कारण त्या गणिताच्या शिक्षिका होत्या आणि नुसत्या सांगण्याने त्यांचे समाधान होणार नव्हते. त्यांचे वजन ६६ किलो. ज्या पायावर उभे आहोत त्याचे वजन, म्हणजे सुमारे एक षष्ठांश, वगळले की खुब्याने तोलायचे राहतात ५५ किलो. या ५५ किलोंचा गुरुत्वमध्य खुब्याच्या सांध्यापासून आतल्या बाजूला सुमारे १० सेंटिमीटरवर येतो, तर स्नायूंची ओढ सांध्याच्या बाहेर जेमतेम ५ सेंटिमीटरवर लागते. हा असमान भुजांचा तराजू झाला: तोल राहायचा तर स्नायूंनी ५५ च्या दुप्पट, म्हणजे ११० किलोंच्या बळाने खेचले पाहिजे. सांध्यावर दोन्ही बळांची बेरीज पडते, १६५ किलो. म्हणजे एका पायावर नुसते उभे राहिले तरी सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो. सांध्यात मोजमापाची साधने बसवलेल्या कृत्रिम खुब्यांच्या रुग्णांत चालताना झालेली मोजणीही याच्या आसपासची आहे.

मग त्यांच्या पिशवीचा हिशेब झाला. वह्यांचा गठ्ठा, डबा आणि पाण्याची बाटली मिळून पाच किलो सहज भरत, आणि उजवी बाजू दुखते म्हणून त्या पिशवी डाव्या हातात घेत. डाव्या हातातले ओझे उजव्या खुब्यापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर लोंबकळते. पाच किलो गुणिले ३५, भागिले ५: उजव्या बाजूच्या स्नायूंवर ढोबळमानाने आणखी ३५ किलोंची ओढ. तीच पिशवी उजव्या हातात धरली तर तिचे वजन सांध्याच्या बाहेरच्या बाजूला पडते आणि स्नायूंचे काम उलट हलके होते. दुखऱ्या बाजूला ओझे द्यायचे नाही, ही समजूत हात-खांद्यासाठी ठीक असेल, खुब्यासाठी ती उलटी आहे. काठी मात्र दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरायची असते, कारण काठी वरच्या दिशेने आधार देते आणि ओझे खाली खेचते. मेडिकल चौकात किंवा सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर दुखऱ्या बाजूलाच काठी टेकत चालणारी वडीलधारी माणसे आजही पाहायला मिळतात, आणि त्यांना कोणी हे एवढे सांगितले असते तर किती बरे झाले असते, असे दरवेळी वाटते.

मीडियस आणि मिनिमस यांच्या आतल्या थरात आणखी सहा लहान स्नायू आहेत: पिरिफॉर्मिस, दोन जेमेलस, दोन ऑब्च्युरेटर आणि क्वाड्रेटस फेमोरिस. ते मांडी बाहेर वळवतात आणि मांडीच्या हाडाचे डोके खोबणीत घट्ट बसवून ठेवतात. ऑब्च्युरेटर इंटर्नस श्रोणीच्या आतल्या भिंतीवरून निघतो आणि श्रोणीच्या तळाशी असलेले स्नायू त्याच्या आवरणाला जोडलेले असतात. म्हणून खुबा आणि ओटीपोटाच्या तळाच्या तक्रारी कधी कधी एकत्र येतात. पुढच्या बाजूने मणक्यापासून मांडीपर्यंत उतरणारा इलिओसोअस पाय पुढे उचलतो. तो आखडला की श्रोणी पुढे झुकते आणि कंबर दुखते, असे सरसकट सांगितले जाते; पण श्रोणी थोडी पुढे झुकलेली असणे अनेक निरोगी लोकांतही आढळते, त्यामुळे नुसता फोटो काढून कोणाची ठेवण बिघडल्याचे ठरवणे मला पटत नाही. या बाईंचीही उभी ठेवण फोटोत बिघडलेली दिसली नसती. बिघाड होता तो भार एका पायावर आल्यानंतरचा, आणि तोही काही सेकंदांनी दिसणारा.

ताणण्याने दुखणे का वाढले

मे महिन्यात बाईंनी मोबाइलवर पाहून पिरिफॉर्मिस ताणण्याचा व्यायाम सुरू केला होता: उताणे झोपून उजवा गुडघा दोन्ही हातांनी डाव्या खांद्याकडे ओढायचा. केल्यावर घटकाभर मोकळे वाटे आणि रात्री दुखणे उसळे. त्यांचा निष्कर्ष असा की स्नायू फारच आखडला आहे, अजून ताणला पाहिजे. आणि त्या दिवसातून तीनदा ताणू लागल्या.

मीडियस आणि मिनिमसच्या कंडरा मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर वळसा घेऊन जोडलेल्या आहेत, आणि त्यांच्यावरून मांडीच्या बाहेरचा जाड पट्टा गुडघ्याकडे जातो. मांडी मध्यरेषेच्या पलीकडे गेली की हा पट्टा ताणला जातो आणि कंडरा हाड व पट्टा यांच्यामध्ये चेपल्या जातात. गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढणे म्हणजे नेमकी हीच स्थिती. डाव्या कुशीवर झोपल्यावर वरचा उजवा पाय पुढे घसरून गादीवर पडतो, तेव्हाही तीच. पायावर पाय टाकून बसताना, आणि फळ्यापाशी उजव्या पायावर रेलून, कंबर बाजूला टाकून तासभर उभे राहतानाही तीच. शेवटच्या स्थितीत स्नायू जवळजवळ कामच करत नाहीत. शरीर बाहेरच्या पट्ट्यावर लोंबकळत राहते. स्नायू दिवसेंदिवस दुबळे होतात आणि कंडरा चेपत राहतात, असे दुहेरी नुकसान या एका सवयीने होते. अरुंद पावलांनी चालताना तर प्रत्येक पावलाला थोडे चेपणे होत होते. रस्त्याच्या कडेचा उतारही विचारात घेतला. जाता-येता त्या रस्त्याच्या डाव्या कडेनेच चालत, त्यामुळे डावा पाय नेहमी सखल आणि उजवा उंच पडे, आणि उजवी मांडी आत कलत राही. एकट्या या कारणाने दुखणे आले असे मी म्हणणार नाही. एका महिन्यात चालणे शून्यातून रोजच्या चढापर्यंत नेणे, हेच मुख्य कारण. बाकीच्या गोष्टींनी त्याला हातभार लावला.

आखडल्याची भावना आणि स्नायूची लांबी कमी होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. या बाईंचा खुबा सर्व दिशांना पूर्ण फिरत होता; लांबी कमी झालेलीच नव्हती. दुबळा आणि दुखरा स्नायू दिवसभर तणावाखाली राहतो, आणि तो तणाव रुग्णाला आखडल्यासारखा जाणवतो. पिरिफॉर्मिसच्या जागचा दुखरेपणाही याच प्रकारचा असावा, असा आमचा अंदाज होता, आणि पुढे त्या जागी कोणताही उपचार न करता तो नाहीसा झाल्याने त्याला बळकटी मिळाली.

उपचार

घरी जावयांच्या ओळखीने स्टिरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा आग्रह चालला होता. त्यावर निर्णय घेताना २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीचा आधार घेतला. तिच्यात याच दुखण्याच्या २०४ रुग्णांचे तीन गट केले होते: एकाला माहिती आणि व्यायाम, दुसऱ्याला एक इंजेक्शन, तिसऱ्याला फक्त थांबून पाहण्याचा सल्ला. आठ आठवड्यांनी स्पष्ट सुधारणा सांगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ७७ टक्के, दुसऱ्यात ५८ आणि तिसऱ्यात २९ होते. वर्षभराने पहिला गट ७९ टक्क्यांच्या आसपास टिकून होता आणि इंजेक्शनचा गट ५८ वर होता, तर नुसते थांबलेले रुग्णही ५२ टक्क्यांपर्यंत आले होते. बाईंनी आकडे दोनदा वाचले आणि इंजेक्शन पुढे ढकलले. अस्थिरोगतज्ज्ञांनीही त्याला संमती दिली.

पहिले काम चेपणे थांबवण्याचे. विरुद्ध खांद्याकडे गुडघा ओढण्याचा व्यायाम त्याच दिवशी बंद केला. झोपताना दोन्ही गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पोचेल अशी जाड उशी पायांमध्ये ठेवायला सांगितली. गुडघ्यांमध्येच ठेवली तर पाऊल खाली लोंबते आणि उपयोग निम्मा होतो. पायावर पाय टाकून आणि पाय एका बाजूला दुमडून बसणे बंद झाले. मांडी घालून बसणे मात्र बंद केले नाही, कारण त्या स्थितीत मांडी बाहेर उघडते, आणि जमिनीवर बसणे सोडायला लावून माणसाला त्याच्या घरातल्या पंगतीपासून आणि पूजेपासून तोडण्याचे काही कारण नव्हते. दुखू लागले तर उठावे, एवढेच सांगितले. पिशवी उजव्या हातात गेली. वर्गात दोन्ही पायांवर भार ठेवून उभे राहण्याची आठवण म्हणून त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने एक लहान बरोबरचे चिन्ह काढायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी ते पुसू नये, अशी वर्गात सूचनाही होती.

चालणे थांबवले नाही, कमी केले: चढ वगळून, सपाट रस्त्याने, पंधरा मिनिटे, आणि पावलांमध्ये चार बोटांचे अंतर ठेवून. चालताना दहापैकी तीन-चारपर्यंतचे दुखणे चालेल, पण त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी ते वाढलेले नसावे, हा नियम ठरला. साखरेच्या दृष्टीनेही चालणे पूर्ण सोडणे परवडणारे नव्हते.

व्यायामाची सुरुवात हालचालीविना झाली. उताणे झोपून, गुडघे वाकवून, मांड्यांभोवती ओढणी बांधायची आणि तिला हलक्या जोराने बाहेर रेटत अर्धा मिनिट थांबायचे. जोर पूर्ण ताकदीच्या चौथाईहून अधिक नको, असे मुद्दाम सांगावे लागले, कारण चांगली विद्यार्थिनी नेहमी जास्तच करते. त्यासोबत कंबर उचलण्याचा पूल आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणे होते. तिसऱ्या आठवड्यापासून रबरी पट्टा लावून बाजूला पावले टाकणे, एका पायावर अधिक भार देऊन पूल आणि आरशासमोर एका पायावर उभे राहून श्रोणी समतल ठेवणे सुरू झाले. सहाव्या आठवड्यापासून जिन्याच्या खालच्या पायरीवर संथपणे चढणे-उतरणे आले. जड व्यायाम आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड. कंडरांना भारानंतर सावरायला वेळ लागतो. प्रत्येक व्यायामात एकच गोष्ट पाहिली: खांदे न झुकवता कंबर समतल राहते का. पंधरा वेळा कशीबशी करण्यापेक्षा सहा वेळा नीट केलेली बरी.

कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा प्रचलित व्यायाम जाणूनबुजून दिला नाही. दुखऱ्या अवस्थेत बरेच रुग्ण तो कमरेच्या स्नायूंनी किंवा मांडी पुढे वळवून करतात, आणि पाय खाली येताना मध्यरेषेपलीकडे जाऊन कंडरा पुन्हा चेपल्या जातात.

प्रगती आणि पोळ्यानंतरची उलथापालथ

रात्रीची झोप सर्वांत आधी सुधारली. उशीच्या उपायानंतर दहा दिवसांत डाव्या कुशीवर सलग झोप लागू लागली. बसून उठतानाची कळ चौथ्या आठवड्यात सौम्य झाली. जिना मात्र दीर्घकाळ दुखत राहिला. सातव्या आठवड्यात एका पायावरची चाचणी पूर्ण ३० सेकंद, खांदे सरळ ठेवून, दुखण्याविना झाली, आणि चालण्याच्या नव्या चित्रणात धडाचे कलणे दिसेनासे झाले. रोजचे चालणे अर्ध्या तासावर आले होते.

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी त्या मारबतीच्या, म्हणजे नागपुरात पोळ्यानंतर निघणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीला इतवारीत गेल्या. गर्दीत हलायला जागा नसल्याने उजव्या पायावर रेलून दोन-अडीच तास उभे राहणे झाले, आणि सवयीने त्यांच्या ते ध्यानातही आले नाही. त्या रात्री दुखणे दहापैकी सातवर गेले. सगळे केलेले वाया गेले, असे त्यांना वाटले. तपासणीत ताकद पूर्वीइतकीच होती, एका पायावर उभे राहण्याचा वेळही कमी झाला नव्हता. वाढला होता फक्त दुखरेपणा. कंडरांच्या दुखण्यात अशी उसळी अपेक्षित असते. चार दिवस पट्ट्याचा आणि पायरीचा व्यायाम थांबवून पुन्हा ओढणीच्या व्यायामावर आणले, चालणे वीस मिनिटांवर आणले, आणि दीड आठवड्यात त्या आधीच्या पातळीवर परतल्या. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होता. अशा वेळी रुग्ण घाबरून व्यायाम सोडतो, पुन्हा ताणायला लागतो किंवा नवे निदान शोधत फिरतो. उसळी कशी हाताळायची हे आधीच लिहून दिलेले असल्याने त्यांनी पहिल्या दोन दिवसांतले बदल फोनवर न विचारता स्वतःच केले होते.

दिवाळीच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या तपासणीत उजव्या कुशीवर झोपणे अर्ध्या रात्रीपुरते शक्य होत होते, त्यानंतर कूस बदलावी लागे. जिना दुखत नव्हता. सेमिनरी हिल्सचा चढ आठवड्यातून दोनदा, मध्ये एक दिवस सोडून, चढण्यास परवानगी दिली. उतरताना पावले लहान आणि किंचित रुंद ठेवायची. पायरीचा आणि रबरी पट्ट्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा किमान सहा महिने चालू ठेवायचा आहे. जांघेत दुखू लागले, खुबा आत वळवताना अडू लागला, किंवा दुखणे गुडघ्याखाली उतरून मुंग्या येऊ लागल्या, तर वाट न पाहता पुन्हा तपासणीला यायचे, असे त्यांच्या वहीत लिहून दिले आहे.